फोन कुणाचा

आमच्या फॉलोअपच्या छापील रजिस्टरात अकरा रकाने आहेत. नाव, फाइल नंबर, निदान, ऑपरेशनची तारीख वगैरे. बारावा मी पट्टीनं आखला आणि वर लिहिलं, 'फोन कुणाचा'. एकदा तपासणीला आलेल्या बाईंनी हे काय म्हणून विचारलं. मी पान त्यांच्यापुढे सरकवलं. 'मोठ्या मुलाचा, तो चाकणला असतो.' 'शेजारणीचा.' 'नवऱ्याचा, रात्री आठनंतर.' 'आशाताईंचा.' 'स्वतःचा, पण बॅलन्स नसतो.' 'जावयाचा, सांगू नये.' शेवटच्या नोंदीवर त्यांचं बोट थांबलं.

"काय सांगू नये?"

"काहीच," मी म्हटलं.

मी नर्स आहे. बावीस वर्षं वॉर्डात काढली, त्यातली बहुतेक तोंडाच्या आणि गळ्याच्या ऑपरेशनच्या वॉर्डात. मग गुडघ्यांनी जवाब दिला आणि मला खाली ओपीडीत बसवलं. तिथं रुळते न रुळते तोच मार्च २०२० उजाडला. २५ मार्चपासून देश बंद झाला आणि त्याच तारखेला केंद्र सरकारची टेलिमेडिसिनची नियमावली आली. तोवर डॉक्टरनं फोनवर औषध सांगावं की नाही, हा ज्याच्या त्याच्या हिमतीचा प्रश्न होता. आता कागदावर आलं: नोंदणीकृत डॉक्टर फोनवर, व्हिडिओवर, मेसेजवर सल्ला देऊ शकतो, अमुक औषधं लिहू शकतो, मॉर्फिनसारखी मात्र अजिबात नाही. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी ते कागद वाचले, फाइलींचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "सिस्टर, एकेकाला लावा."

जुन्या एक्स-रे फिल्मा ठेवायची खोली आम्हाला मिळाली. दोन टेबलं, दोन मोबाइल आणि एकाच कानात वाजणारा हेडफोन. समोरच्या टेबलावर समाजसेवा विभागातली एक मुलगी, नुकतीच शिकून आलेली. ती मला 'ताई' म्हणे, मी तिला अहो-जाहो करायची. महिन्याभरात दोघीही 'अगं'वर आलो.

हे सगळे उपचार संपलेले पेशंट. ऑपरेशन झालेलं, किमो झालेली, लाईट घेऊन झालेली. आमच्याकडे रेडिएशनला लाईटच म्हणतात, 'तीस लाईटी घेतल्या' असा हिशेब असतो. घरच्यांच्या लेखी अशा माणसाचा आजार संपला. त्याच्या स्वतःच्या लेखी तो संपलेला नसतो आणि आमच्या लेखी तर पहिली दोन वर्षं डोळ्यांत तेल घालून बसायची. तोंडा-गळ्याचा कॅन्सर परत आला तर बहुतेक वेळा त्या दोन वर्षांतच येतो. म्हणून पहिल्या वर्षी दर दोन-तीन महिन्यांनी बोलवायचं. २०२२च्या आकड्यांनुसार देशात वर्षाला सगळ्या प्रकारच्या कॅन्सरचे मिळून चौदा लाखांच्या घरात नवे रुग्ण निघतात. त्यातले जे जगतात-वाचतात, ते कुणाच्या ना कुणाच्या अशा रजिस्टरात वर्षानुवर्षं राहतात.

बोलवायचं म्हणजे काय, ते लॉकडाऊनच्या आधी मी फक्त आमच्या बाजूनं बघितलं होतं. रात्रीची एसटी, बरोबर एक माणूस, दोघांचा दोन दिवसांचा रोज बुडालेला, सकाळी सहाला केसपेपरच्या रांगेत, दुपारी दीडला नंबर. डॉक्टर मान चाचपतात, टॉर्च मारून तोंडात बघतात, "छान आहे, तीन महिन्यांनी या" म्हणतात. चार मिनिटं. १९४१ साली परळला टाटा मेमोरियल सुरू झालं, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या किती घरांनी अशा चार मिनिटांसाठी मुंबईचा रस्ता तुडवला असेल! रेल्वे कॅन्सरच्या पेशंटला स्लीपरचं भाडं पूर्ण माफ करते. पण त्यासाठी आधी घराजवळ स्टेशन लागतं.

तेव्हा फोन म्हणजे सगळ्यांचीच सोय, असं मला वाटलं. पहिल्या महिन्यात मी दिवसाला चाळीस-चाळीस फोन केले. "नमस्कार, हॉस्पिटलमधून सिस्टर बोलतेय. कशा आहात मावशी?" "बरी हाय." "जेवण जातं ना?" "जातं की." "काही त्रास?" "काय नाय." की लागलीच पुढचा नंबर. संध्याकाळी रजिस्टरात 'बरे आहे'ची रांग बघून मला फार काम झाल्यासारखं वाटे.

'बरं आहे' हे उत्तर नाही, ही रीत आहे, हे कळायला दोन महिने गेले. कसं काय म्हटलं की बरं आहे म्हणायचं. घरात प्रेत असलं तरी लांबच्या माणसाला तोंडून पहिल्यांदा हेच निघतं. त्यात फोन करणारी हॉस्पिटलची, म्हणजे आपल्यावर उपकार केलेली. तिच्यापुढे रडगाणं कसं गायचं?

मग मी भाकरीवर आले.

जेवण जातं का, हे विचारणं सोडलं. आज सकाळी भाकरी कशी खाल्ली, ते विचारायला लागले. कोरडी चावून, की कालवणात कुस्करून? कुस्करून किती वेळ भिजवली? कडा काढून टाकल्या की खाल्ल्या? भाकरीवरून कण्यांवर आलात का? कण्यांवरून पेजेवर? ह्या एका भाकरीत मला तोंड किती उघडतं, लाळ किती सुटते, गिळताना कुठं अडतं, सगळं कळतं. ज्वारीची कोरडी भाकर ठेच्याबरोबर खातो म्हणणाऱ्या माणसाबद्दल मी निर्धास्त. मागल्या खेपेला कुस्करून खाणारा ह्या खेपेला चहा-बिस्किटावर आला असेल तर मी फोन ठेवत नाही. नंतर आमच्याकडे एक अ‍ॅप आलं. त्यात गिळण्याच्या त्रासाला शून्य ते दहा गुण द्यायचे होते. एका आजोबांना मी विचारलं, "दहापैकी किती त्रास होतो?" ते म्हणाले, "रुपयात बारा आणे बरं हाय." मी चार आण्याचे अडीच गुण लिहिले. अ‍ॅप अर्धा गुण घेत नव्हतं. दोन-तीन महिन्यांत अ‍ॅप गेलं, भाकरी राहिली.

गालाच्या ऑपरेशननंतर आणि लाईटीनंतर जबडा आखडतो. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जायला हवीत, हे साधं माप. जात नसतील तर आइसक्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये सरकवायच्या, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि दर काही दिवसांनी एक काडी वाढवायची. डिस्चार्जच्या वेळी हे आम्ही सगळ्यांना शिकवतो, सगळे माना डोलावतात. घरी गेल्यावर काड्या पोरं खेळायला नेतात, नाही तर दुखतं म्हणून राहून जातं. फोनवर मी काड्या मोजायला लावते. "आज किती?" "अकरा." "मागच्या महिन्यात चौदा होत्या." पलीकडे शांतता. मग हळूच, "मधी लग्न होतं घरात." लग्नात चारचौघांत तोंडात काड्या घालून कोण बसेल? रागवायचं काय त्यात! पुन्हा अकरापासून सुरू करायचं.

व्हिडिओ कॉल आले तेव्हा मी बराच काळ फक्त कान बघितले. व्हिडिओ लागला तरी माणसं सवयीनं फोन कानाला लावायची. महाराष्ट्रातले इतके कान इतक्या जवळून दुसऱ्या कुणी बघितले नसतील. कान झाला की पत्रा, पंखा, कोनाडा, मग कुणाचं तरी कपाळ. "काका, फोन थोडा लांब धरा. अजून लांब. उजेडाकडे तोंड करा. नाही, फोनचं नाही, तुमचं." टॉर्च मारायला सून, फोन धरायला नातू, आणि ह्या सगळ्यांच्या मध्ये तोंड उघडून बसलेले काका.

पण त्या पत्र्या-पंख्यातच कधीकधी हवं ते दिसून जातं. एका आजींच्या हिरडीचं ऑपरेशन झालं होतं. दर खेपेला ओपीडीत शपथेवर सांगायच्या, "मिशरी? शिवत पण नाय." व्हिडिओवर नातीनं फोन फिरवला तेव्हा मागं चुलीवर तवा दिसला. तव्यावर भाकरी नव्हती, काहीतरी काळं होतं आणि त्याचा धूर वर जात होता. इतकी वर्षं ह्या वॉर्डात काढल्यावर भाजत असलेली तंबाखू ओळखायला वास लागत नाही. मी विचारलं, "आजी, तव्यावर काय हो?" आजी म्हणाल्या, "जिरं." नात फसकन हसली. मी पण हसले. त्या दिवशी मी काही बोलले नाही. पुढल्या खेपेला विचारलं, दिवसातून किती वेळा लावता? सकाळी परसाकडला जायच्या आधी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. इतक्या वर्षांत ओपीडीत हे कधी निघालं नव्हतं, कारण तिथं प्रश्न 'सोडली का' एवढाच होता. पोटाचं औषध डॉक्टरांनी लिहून दिलं. मिशरी आता दिवसातून एकदाच लावतात, असं नात सांगते. आजी अजून जिरंच म्हणतात.

आता माझी चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही.

पन्नाशीचे एक गृहस्थ. जिभेच्या कडेचं ऑपरेशन, मग तीस लाईटी. चौदा महिने झाले होते. बोलायला मोकळे, स्वतःचा फोन, पहिल्या रिंगला उचलायचे. मला त्यांचा फोन म्हणजे सुटीच वाटे. कुस्करून पण भाकरी खात होते. तोंडाचा फोटो पाठवला, डॉक्टरांनी बघितला, ठीक होता. फोन ठेवता ठेवता म्हणाले, "सिस्टर, डावा कान जरा ठणकतो. पाणी गेलं असंल आंघोळीचं." मी रजिस्टरात लिहिलं: कानदुखी, गावातल्या डॉक्टरांना दाखवणे.

ते अक्षर माझंच आहे, अजून आहे. तीन महिन्यांनी ते प्रत्यक्ष आले तेव्हा मानेत डाव्या बाजूला लिंबाएवढी गाठ होती. जिभेच्या पेशंटचा कान दुखतो तेव्हा कानात काही नसतं. जिभेच्या मुळाची, घशाची कळ कानात निघते. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती, मी स्वतः नव्या पोरींना वॉर्डात हे शिकवलं होतं. समोर असते तर 'कान' म्हणताच माझी बोटं आपोआप त्यांच्या जबड्याखाली गेली असती. फोनवर बोटांना जायला जागा नव्हती आणि डोकं पुढच्या नंबरावर होतं. ते मला काही बोलले नाहीत. त्यांच्या बायको म्हणाल्या, "तुमच्याच सांगण्यानं कानात थेंब घातले महिनाभर." तेही रागानं नाही, माहिती द्यावी तसं.

पुढचं लांबवत नाही. ऑपरेशन पुन्हा झालं, माणूस गेला नाही, पण गेलं ते पुष्कळ गेलं.

त्यानंतर रजिस्टरच्या पहिल्या पानावर मी लाल पेनानं काही शब्द लिहून ठेवले आहेत. कान दुखतो. आवाज बसलाय. गिळताना टोचतं. नवी गाठ. थुंकीत रक्त. ह्यातला एक जरी शब्द कानावर पडला की फोनवरचं काम संपलं. तारीख द्यायची आणि बोलवायचं, मग त्यांची कापणी असो की आमचा संप. समोरच्या टेबलावरची मुलगी म्हणते, ताई, तुम्ही हल्ली फारच बोलावता. बोलावते.

आणि सगळ्यांनाच बोलावता येत नाही, म्हणून दुसऱ्याची बोटं उसनी घ्यायला शिकलो. गावच्या उपकेंद्रात आता सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणून शिकलेली मुलं-मुली असतात. ई-संजीवनी ह्या सरकारी टेलिमेडिसिन सेवेवर पेशंटला घेऊन डॉक्टरांसमोर बसायची त्यांना सवय असते, कॅमेऱ्याचं भय नसतं. अशा तीन-चार जणींना आमच्या डॉक्टरांनी व्हिडिओवर मान चाचपायला शिकवलं. हनुवटीखालून सुरुवात, मग जबड्याचा कोन, मग कडेच्या मोठ्या स्नायूच्या पुढून खाली गळपट्टीपर्यंत, दोन्ही बाजू, पेशंटच्या मागं उभं राहून. एकीनं विचारलं, "सर, लाईट घेतलेली मान लाकडासारखी लागते, त्यात गाठ कशी कळणार?" डॉक्टर म्हणाले, "शाबास. ज्या दिवशी वाटेल की मागच्या वेळी असं नव्हतं, त्या दिवशी पाठवा." ती दर महिन्याला त्याच मानांवरून हात फिरवते. तिच्या बोटांवर माझा माझ्या हेडफोनपेक्षा जास्त विश्वास आहे. ह्यात नवं काही नाही म्हणा. बार्शीला १९८७ साली देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू झाली, तेव्हा फोन कुठे होते? माणसंच गावोगाव जायची.

बारावा रकाना मी ज्या बाईंमुळे आखला, त्यांच्याकडे यायला उशीर झाला.

मराठवाड्यातल्या. कापसाच्या पट्ट्यातलं गाव. वय बेचाळीस, उजवा स्तन काढलेला, काखेतल्या गाठीही काढलेल्या, किमो आणि लाईट झालेली. रोज एक टॅमॉक्सिफेनची गोळी, निदान पाच वर्षं. फाइलवर नंबर मुलाचा. मी लावला की मुलगा स्पीकरवर टाकायचा. मागं नवरा, सासू, टीव्ही. "गोळ्या घेता ना?" "घेते." "हात कसा आहे?" "बरा हाय." असं सात-आठ महिने चाललं. मग एके दिवशी भलत्याच नंबरवरून मिस्ड कॉल आला, दुपारी सव्वादोनला. परत लावला तर त्याच. शेजारणीचा फोन घेऊन परसात उभ्या होत्या. आवाज वेगळा, भरभर. "सिस्टर, ती गोळी मी चार महिन्यांपासून घेत नाय."

का, तर गोळीनं वाफा येतात. रात्री अंथरूण भिजतं, उठून बसावं लागतं. पाळी बंद झाली, अंगावरून पांढरं जातं. नवऱ्याच्या कानावर कुणीतरी घातलं होतं की हे सगळं गोळीच्या उष्णतेनं होतं. हे त्या मुलाच्या फोनवर, मुलासमोर, सासूच्या खोकल्याच्या अंतरावर कशा सांगणार होत्या? मी सात महिने विचारत होते आणि सात महिने त्या उत्तर देत होत्या, दोघीही खोटं न बोलता. गोळ्या 'घेते' म्हणजे दुकानातून घेते. डब्यात साठवून ठेवल्या होत्या, सगळ्या.

मी म्हटलं, "ह्याच वेळेला मी फोन करू का?" म्हणाल्या, "करा. आत्ता सासूबाई झोपतात, हे रानात असतात."

तेव्हापासून बारावा रकाना, आणि त्यात वेळसुद्धा. बायकांना मी सकाळी लावतच नाही. बारा ते तीनच्या मध्ये फोन लागतो तो खरा. पहिलं वाक्य ठरलेलं, "जवळ कुणी आहे का?" 'हाय' म्हणाल्या तर हवापाण्याचं बोलून ठेवते. डॉक्टरांनी ह्या बाईंचं सगळं ऐकलं, पांढरं जाण्यासाठी तालुक्याला सोनोग्राफी करून घ्यायला लावली, ती नॉर्मल आली. गोळीची वेळ बदलली आणि पाच वर्षं म्हणजे नेमकं कधीपर्यंत, ते महिना आणि साल घालून सांगितलं. बाईंना त्या तारखेचा फार आधार वाटला. कोठीच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवलीय.

हाताचं मात्र त्यांनीच मला शिकवलं. काखेतल्या गाठी काढल्या की त्या हातातलं पाणी नीट उतरत नाही, हात सुजू लागतो. आम्ही टेपनं घेर मोजतो, दर दहा सेंटिमीटरवर, आणि दोन हातांत दोन सेंटिमीटरचा फरक आला की जागे होतो. फोनवर मी त्यांना शिंप्याची टेप आणायला सांगत होते. त्या म्हणाल्या, "टेप कशाला? मागल्या आठवड्यापासून ह्या हातातली बांगडी कोपराकडं सरकंना." बांगडी! जिथं पूर्वी बांगडी पोचत होती, त्याच्या दोन बोटं खाली अडायला लागली होती. आमच्या टेपला हे पुढच्या भेटीत कळलं असतं. आता मी सगळ्या बायकांना बांगडी कुठवर जाते ते विचारते, आणि मग त्या हातात घट्ट बांगडी घालू नका, म्हणूनही सांगते, हे सांगताना मला ओशाळं वाटतं खरं.

त्यांनीच एकदा व्हिडिओवर, दार लावून, ब्लाउजच्या आत ठेवायची पिशवी दाखवली. जुन्या लुगड्याच्या कापडाची, आत कापूस, आणि वजन यावं म्हणून मोहरी. हाताच्या अंदाजानं डाव्या बाजूइतकं वजन बरोबर साधलं होतं. नुसता कापूस हलका पडतो आणि वाकलं की वर गळ्याशी येतो, असं म्हणाल्या. मी विकतच्या सिलिकॉनच्या पॅडची माहिती तोंडपाठ सांगणार होते, ती गिळली. फक्त एवढंच सुचवलं की ब्लाउजला आतून खिसा शिवा, म्हणजे निंदताना सरकणार नाही. पुढच्या वेळी खिशाला टिचबटण लावलेलं होतं.

सगळे फोन इतके बोलके नसतात. स्वरयंत्र काढलेल्या एका माणसाला मी वर्षभर फोन करत होते. ज्याला आवाजच नाही त्याला फोन! त्यांच्या बायको बोलायच्या आणि ते फोनवर नखानं टकटक करायचे. एक टक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. "गळ्याच्या भोकावर ओलं फडकं बांधतात ना?" बायको म्हणायची, "रोज बांधतात." टकटक. "मळणीला जात नाहीत ना धुळीत?" "छे, मी जाऊच देत नाय." टकटक. स्वतःची चहाडी स्वतःच करणारा असा पेशंट मला दुसरा मिळाला नाही. पुढे ते ढेकरेच्या हवेवर बोलायला शिकले. पहिलाच फोन त्यांनी स्वतः केला आणि घोगऱ्या आवाजात एकेक शब्द तोडत विचारलं की दाढ हलतेय, गावातला डॉक्टर काढतो म्हणतोय, काढू का? मी खुर्चीतून उठलेच. जबड्यावर लाईट घेतली असेल तर दाढ अशी उपटायची नसते, हाड भरून येत नाही, सडतं. उपटायच्या आधी फोन आला, उपटल्यावर नाही, ह्याचा मला त्यांच्या आवाजापेक्षा जास्त आनंद झाला, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

थकव्याचे फोन तर रोजचे. मानेवर लाईट घेतलेल्यांची थायरॉईड ग्रंथी मंदावते, सहा महिन्यांनी-वर्षानं टीएसएच बघावं लागतं. एका सुनेला घरात 'आजाराचं निमित्त करून लोळते' म्हणत होते. तालुक्याच्या लॅबचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आला, आकडा बघून डॉक्टरांनी गोळी लिहिली आणि मी मुद्दाम सासूबाईंशीच बोलले. त्या वेळी स्पीकर चालू ठेवायला मीच सांगितलं.

मनाच्या त्रासासाठी २०२२ पासून टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६. मी नंबर सगळ्यांना लिहून देते. माझ्या यादीतल्या कुणी तो लावल्याचं मला माहीत नाही. ते मला फोन करतात आणि म्हशीचं सांगतात. म्हैस आटली, म्हैस गाभण राहिली, म्हैस विकू का? मी पूर्वी घड्याळाकडे बघायची. आता माहीत आहे की म्हशीनंतर, फोन ठेवायच्या जरा आधी, हळूच येतं, "परत तर नाही ना येणार, सिस्टर?" ह्याचं उत्तर फोनवरही नाही आणि ओपीडीतही नाही. मी म्हणते, तुमची पुढची तारीख अमुक आहे, तोवर काही वाटलं तर मला सांगा. ते 'बरं' म्हणतात.

दर महिन्याला वर आकडे द्यावे लागतात. किती फोन लावले, किती लागले, सरासरी किती मिनिटं. माझी सरासरी जास्त भरते म्हणून एकदा पत्र आलं होतं. मी उत्तरात म्हैस लिहिली नाही.

परवा सव्वादोनला त्या कापसाच्या बाईंना लावला. वेचणीचे दिवस. मागच्या वर्षी ह्याच दिवसांत बोंडाची वाळलेली टोकं टोचून त्यांचा उजवा हात लाल झाला होता, ताप भरला होता, आठ दिवस अँटिबायोटिक घ्यावं लागलं होतं. सुजणाऱ्या हाताला टोचलेलं सोसत नाही, लगेच पिकतो. ह्या वेळी मी आधीच बजावून ठेवलं होतं की वेचायला जायचंच असेल तर त्या हातात जाड मोजा घाला. फोन शेजारच्या मुलीनं उचलला.

"काकू नाहीत. कापूस येचायला गेल्यात. पाऊस यायच्या आत उरकायचाय म्हणल्या. तुमचा फोन आला तर सोमवारी करा म्हणून सांगितलंय."

"हाताला मोजा घातलाय का?"

"घातलाय की. तेपण सांग म्हणल्या."

"खरंच घातलाय?"

मुलगी जरा थांबली. "घातलाय. पण दोन बोटं कापलीत मोज्याची. बोंडातनं कापूस निघंना म्हणल्या."

मी रजिस्टरात लिहिलं: सोमवार, २.१५. शेजारणीचा.